गणपतीत नको, जुलैत या

शारजाहून आलेलं एक पत्र थोडं कमी करून देते आहे.

"ताई, मी 47 वर्षांचा. गेली 17 वर्षं इथे एकाच कंपनीत एसी देखभालीच्या कामावर आहे, त्यातली सहा वर्षं फोरमन. घर चिपळूणपासून बारा किलोमीटरवर. घरी 74 वर्षांची आई, बायको, बारावीची परीक्षा दिलेली मुलगी आणि आठवीतला मुलगा. कंपनीची कंत्राटं कमी झालीत, 4,000 दिरहम पगार (त्यात बेसिक, म्हणजे मूळ पगार, 2,400) मागे-पुढे होतो. त्यात मला साखर निघाली. आता व्हिसा कॅन्सल करून कायमचं गावी यायचं मनात आहे. गणपतीला जायचं आणि परत फिरायचंच नाही, असं ठरवलंय. ग्रॅच्युइटीचे 15 लाख येतील. चिपळूणच्या बाजारात तळमजल्याचा गाळा बघितलाय, एसी-फ्रिजचं दुकान टाकायचं. मालक एक लाख टोकन मागतोय. घरी यातलं काही बोललो नाही. परवा सहज विषय काढला तर बायको म्हणाली, 'अजून दोन वर्षं काढा.' ताई, ते फार लागलं. तिला मी हवा आहे की माझा पगार? यावं की राहावं? आलो तर लोक 'हाकलून दिलं' म्हणतील."

प्रिय भाऊ,

या. 'यावं की राहावं' याचं उत्तर एवढंच आहे. साखर निघालेली, पगार अनियमित, आई 74 वर्षांची आणि मुलगा आठवीत. याच्यापुढे तिथे राहण्याची किंमत तुमच्या पगारापेक्षा जास्त होत जाणार.

पण गणपतीत येऊ नका, टोकन देऊ नका, आणि वहिनींच्या त्या वाक्याचा तुम्ही लावलेला अर्थ मला पटलेला नाही. तो का पटला नाही, ते सांगायला मला माझ्या घरातलं सांगावं लागेल.

माझे वडील मुंबईत गिरणीत होते. आम्ही गावी, खेड तालुक्यात. शिमग्याला आणि गणपतीला यायचे, दर महिन्याला मनीऑर्डर यायची. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, आणि त्या वर्षी पावसाच्या तोंडावर वडील ट्रंक घेऊन गावी आले. मी तेव्हा नववीत होते. पहिले पंधरा दिवस घरात सणासारखे गेले. मग त्यांनी माजघरातली भाताची कणगी उचलून पडवीत नेली, कारण आत उजेड कमी पडतो असं त्यांना वाटलं. आईने ती बारा वर्षं माजघरात ठेवली होती, पडवीत ओल येते म्हणून. आई काही बोलली नाही. त्या पावसात दोन मण भात बुरसलं.

कणगीचं नुकसान छोटं होतं. मोठं पुढे झालं. रिकामं बसलेलं लोकांना दिसू नये, म्हणून वडिलांनी चार महिन्यांच्या आत होती नव्हती ती सगळी पुंजी घालून भात भरडायची गिरण टाकली. शेजारच्या वाडीत एक गिरण आधीच होती आणि आमच्याकडे वीज दिवसातून निम्मा वेळ नसायची. आई त्या शेजारच्या गिरणीवर डोक्यावर भात घेऊन वर्षानुवर्षं जात होती. कुठल्या महिन्यात तिथे रांग असते, कधी पट्टा बंद असतो, कोण उधारी बुडवतं, हे तिला तोंडपाठ होतं. वडिलांनी तिला विचारलंच नाही. ते तिला आश्चर्याचा धक्का देणार होते. गिरण दोन वर्षांत बंद पडली. वडील वाईट नव्हते, आळशी तर मुळीच नव्हते. ज्या गावाच्या नावाने ते मुंबईत डोळ्यांत पाणी आणायचे, ते गाव त्यांना सणापुरतंच ठाऊक होतं.

भाऊ, तुमच्या पत्रात गाळा आहे, ग्रॅच्युइटी आहे, लोक आहेत. वहिनी फक्त एका वाक्यापुरत्या आहेत, आणि तेही तुम्हाला लागलेलं वाक्य म्हणून. गेली 17 वर्षं त्या घरी काय करत आहेत ते बघा. पावसाआधी कौलं बघून घेणं, आईंना दवाखान्यात नेणं, मुलांच्या शाळेच्या सभा, बँक, ग्रामपंचायत, लावणीला माणसं मिळवणं, लग्नकार्याचे आहेर. चिपळूणच्या बाजारात कुठलं दुकान चालतं आणि कुठलं दर वर्षी पाटी बदलतं, हे त्यांच्याइतकं तुम्हाला ठाऊक असणं शक्यच नाही. तुम्हाला धंद्याचा सल्ला हवा असेल तर तो आधी घरात मागा.

आता ते 'अजून दोन वर्षं'. प्रेम कमी असलेली बाई आकडा सांगत नाही, ती 'तुमचं तुम्ही ठरवा' म्हणते. वहिनींनी दोन म्हणून सांगितलं, तीन नाही की पाच नाही. म्हणजे त्यांच्याकडे वही आहे. मुलीचा प्रवेश याच पावसाळ्यात होईल, त्याचं पहिलं शुल्क. मुलगा दोन वर्षांनी दहावीला बसेल. आईंची औषधं. घराचं एखादं कर्ज किंवा भिशी असेल, जी दोन वर्षांत फिटते. मी अंदाज करते आहे, पण असं काहीतरी नक्की आहे. दर महिन्याला येणारी रक्कम ज्या दिवशी थांबते, त्या दिवशी घरातल्या बाईला काय वाटतं हे मी जवळून पाहिलंय. ती भीती आहे, आणि तुम्ही ती नावड समजून बसला आहात. त्यांना विचारा, 'दोन वर्षांत नक्की काय काय उरकायचं आहे?' आणि ऐकताना मध्ये बोलू नका. त्या यादीतल्या किती गोष्टी तुम्ही गावी असूनही होतील, हे मग दोघांनी बसून बघा. कदाचित दोनाचे आठ महिने होतील.

मुलीच्या शुल्काबद्दल एक. महाराष्ट्र सरकारने 2024-25 पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. तुम्ही यात बसता का, ते महाविद्यालयात आणि तहसीलदार कचेरीत विचारून घ्या. उत्पन्नाचा दाखला काढताना तुमची तिथली कमाई लपवू नका. दाखला खोटा ठरला तर त्याचा त्रास मुलीच्या डिग्रीला होईल.

पुढचं बोलणं थोडं कडू आहे. तुमचे 15 लाख बहुधा 15 लाख नाहीत.

तुम्ही पत्रात पगार 4,000 दिरहम आणि बेसिक 2,400 असा लिहिला आहे. तुम्ही हिशोब 4,000 वर केलेला दिसतो, म्हणून 62,000 दिरहम येतात. तिथल्या कायद्याने ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर मिळते. पहिल्या पाच वर्षांना वर्षाला 21 दिवसांचं बेसिक, पुढच्या प्रत्येक वर्षाला 30 दिवसांचं. 2,400 चे दिवसाला 80 झाले. पाच वर्षांचे 8,400, बारा वर्षांचे 28,800, मिळून 37,200 दिरहम. बिनपगारी रजा घेतली असेल तर तेवढे दिवस त्यातून जातात. ते नऊ लाख रुपयांच्या आसपास होतात. 15 आणि 9 यांच्या मधल्या सहा लाखांतच तुमचा गाळा उभा होता.

हे वाचून हात गळू देऊ नका. राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी कापतात ही जुनी भीती आता धरू नका. 2022 च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या नव्या कायद्यात स्वतःहून सोडलं तरी ती पूर्ण मिळते. नोकरी संपल्यापासून 14 दिवसांत कंपनीने सगळे पैसे द्यायचे असतात, त्यात उरलेल्या रजेचेही. एक मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. कॅन्सलच्या कागदावर 'माझे सर्व पैसे मिळाले' असं लिहिलेलं असतं आणि ऑफिसातला माणूस 'सही कर, पैसे उद्या येतील' म्हणतो. पैसे खात्यात दिसल्याशिवाय ती सही करायची नाही. 17 वर्षांचा स्नेह असला तरी नाही. माझ्या वडिलांचा हिशोबही एका साहेबाच्या 'बघतो'वर राहिला होता. तो शेवटपर्यंत आला नाही.

तुमच्यावर तिथल्या बँकेचं कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची बाकी असेल तर निघण्याआधी ती मिटवा, फेडल्याचा कागद घ्या आणि बँकेकडे दिलेला सहीचा कोरा चेक परत मागा. कर्ज मागे ठेवून निघालेल्या माणसाला पुढे कधी कामाला तिकडे जायचं झालं तर विमानतळावर अडवू शकतात. फोनचं कनेक्शनही बंद करा. फोरमन म्हणून सहा वर्षांच्या कामाचं पत्र कंपनीच्या शिक्क्यानिशी घ्या आणि त्यात कुठल्या यंत्रांवर काम केलं ते लिहवून घ्या. त्या पत्राचा उपयोग पुढे सांगते.

आता गाळा. भाऊ, चिपळूणच्या बाजारातला तळमजला. तुम्ही 2021 च्या जुलैत शारजात होतात. 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानांत काही म्हणता काही उरलं नाही. फ्रिज, वॉशिंग मशीन चिखलात आडवी पडलेली होती. 2005 च्या जुलैतही शहर बुडालं होतं. तुम्ही विकणार आहात तोच माल पाण्यात सगळ्यात आधी जातो. मी चिपळूणला नावं ठेवत नाही, ते शहर दोन्ही वेळा चिखल उपसून उभं राहिलंय आणि आजही तिथे लोक पोटापाण्याचा धंदा करतात. पण त्यांना ठाऊक असतं की माल कुठे ठेवायचा, पावसाळ्यात किती ठेवायचा आणि विमा कुठला घ्यायचा. तुम्ही त्या गाळ्याच्या शेजारच्या दुकानदाराला एकच विचारा: 2021 ला पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं? तो हात वर करून दाखवेल. नगरपरिषदेत पूररेषेचा नकाशा असतो, तोही बघा. मालकाला टोकनाची एवढी घाई का आहे, हेही त्यातून कदाचित कळेल.

आणि दुकानच कशाला? तुमची 17 वर्षं एसी विकण्यात गेलेली नाहीत, ते चालू ठेवण्यात गेली आहेत. चिलर, डक्ट, मोठे कॉम्प्रेसर, रात्री दोन वाजता बंद पडलेला प्लांट पहाटेपर्यंत उभा करणं. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांना हेच लागतं. इस्पितळांना लागतं, शीतगृहांना लागतं, आंबा पिकवायच्या रायपनिंग चेंबरना लागतं. गुहागर, दापोली, गणपतीपुळ्याकडे हॉटेलं आणि होमस्टे वाढले, तिथले एसी खाऱ्या वाऱ्याने गंजून लवकर बसतात आणि मे महिन्यात मेकॅनिक मिळत नाही. तुमचं ते शिक्क्याचं पत्र घेऊन लोट्यातल्या कारखान्यांच्या देखभाल विभागांत जा. वर्षभर कोणाकडे तरी नोकरी करा, किंवा एक दुचाकी, हत्यारांची पेटी, गॅस भरायचं सामान आणि हाताखाली एक मुलगा घेऊन वार्षिक देखभालीची कामं धरा. याला दीड-दोन लाखांच्या वर लागू नयेत. कोण वेळेवर पैसे देतो, कोण बोलावून ताटकळत ठेवतो, कुठला माणूस कामाचा, हे सगळं वर्षभरात कळेल. दुकान टाकायचंच असेल तर त्यानंतर टाका, उंचावर.

उरलेले पैसे पहिलं वर्ष मुदतठेवीत राहू द्या. नातेवाईक येतील. कुणाला जमीन विकायची असेल, कुणाला भागीदारी हवी असेल, कुणाच्या मुलाला परदेशी पाठवायचं असेल. गल्फमधून कायमचा आलेला माणूस म्हणजे पेटी उघडी, असं लोक धरून चालतात. 'पैसे एक वर्ष अडकलेत' हे उत्तर खरं असेल तर द्यायला सोपं जातं.

तब्येतीचं लगेच करा. तिथे कंपनीचा विमा आहे, नोकरी सुटली की तो संपतो. इथली आरोग्य पॉलिसी तुम्ही तिकडे असतानाच काढा आणि फॉर्मवर साखरेची नोंद स्वच्छ लिहा. आधीपासूनच्या आजारावर कंपन्या जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकतात, आणि ती वर्षं पॉलिसी निघाल्या दिवसापासून मोजली जातात. म्हणून आज काढलेली पॉलिसी सहा महिन्यांनी काढलेल्यापेक्षा बरी. वहिनींना सांगून रेशनकार्डावर तुमचं नाव आहे का ते बघून घ्या. बाहेर गेलेल्यांची नावं कधीकधी कमी झालेली असतात, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेशनकार्ड मागतात. आईंचं वय सत्तरच्या वर आहे, म्हणजे उत्पन्न न बघता पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचं आयुष्मान कार्ड त्यांना आधारवर मिळतं. काढलं नसेल तर याच आठवड्यात काढायला सांगा.

बँकेचं आणि कराचं फार मनावर घेऊ नका, तुमच्या रकमांना त्यात मोठा धोका नाही. कायमचं आलात की एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, खातं साधं करून घ्यायचं. मुदतठेव असेल तर ती मुदत संपेपर्यंत त्याच दराने चालते, व्याज मात्र करपात्र होतं. एप्रिल ते मार्च या वर्षात भारतात 182 दिवसांपेक्षा कमी राहिलात तर त्या वर्षी तुम्ही अनिवासीच धरले जाता, कारण दर वर्षी महिनाभराच्या सुट्टीने मागच्या चार वर्षांत तुमचे इथले दिवस 365 च्या जवळपासही जात नाहीत. त्यानंतरचीही साधारण दोन वर्षं परदेशातल्या उत्पन्नावर इथे कर लागत नाही. येताना सोनं आणायचा विचार असेल तर पुरुषाला 20 ग्रॅम आणि बाईला 40 ग्रॅमचे दागिने करमुक्त आणता येतात, तेही वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्यांना. त्यापुढचं विमानतळावर स्वतःहून दाखवा. दुसऱ्याचं पाकीट हातात घेऊ नका, मित्राचं असलं तरी.

आता जुलै. या वर्षीची रजा गणपतीला न घेता जुलैत घ्या, पूर्ण तीस दिवस. गणपतीत तुम्ही गावी येता तेव्हा घर रंगवलेलं असतं, भावंडं जमलेली असतात, वहिनी पहाटेपासून मोदकांत असतात आणि तुम्ही पाहुणे असता. तुमची 17 वर्षांची गावाची ओळख ही त्या दहा दिवसांची ओळख आहे. जुलैत कोणी येत नाही. पन्हळ गळत असते, वीज जाते, लावणीला माणूस मिळत नाही, कपडे आठवडा आठवडा वाळत नाहीत, मुलगा तिसऱ्या खोलीत दार लावून बसतो आणि त्याच्याशी काय बोलावं ते सुचत नाही. ते घर बघा. त्याच महिन्यात मुलीच्या प्रवेशाची धावपळ असेल, तिच्याबरोबर रत्नागिरी, पुणे, जिथे जावं लागेल तिथे जा. आईंना दवाखान्यात एकदा तुम्ही न्या. आणि त्या तीस दिवसांत घरातली एकही वस्तू हलवू नका, भाऊ. कणगीची गोष्ट मी एवढ्यासाठीच सांगितली.

मग परत जा, नोटीस द्या, हिशोब घ्या आणि दिवाळी होऊन गेली की नोव्हेंबरच्या मध्याला कायमचे या. जुलैचे तीस धरून मार्चअखेर तुमचे इथले 167 दिवस होतात, म्हणजे करालाही ते बसतं. फेब्रुवारीत उन्हाळा तापायला लागतो तोवर तुमची चार ठिकाणी ओळख झालेली असेल. पगार सलग दोन महिने थकला, तर मात्र माझं हे वेळापत्रक बाजूला ठेवा. तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार करा आणि दुबईतल्या भारतीय वकिलातीच्या मदत केंद्रालाही कळवा. तेव्हा थांबण्यात अर्थ नाही.

लोक 'हाकलून दिलं' म्हणतील, असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. म्हणतील. आमच्याही ओटीवर येऊन म्हणाले होते. वडिलांनी त्या बोलण्याला उत्तर म्हणून गिरण टाकली. तुम्ही कुणाला उत्तर देऊ नका. 'सतरा वर्षं झाली, आता घरी राहायचं आहे' एवढं सांगा, त्यात खोटं काहीच नाही.

गाळेमालकाला आज फोन करून टोकन देत नाही म्हणून सांगा. रविवारी, तिथल्या कामगार कॅम्पातली बाकीची मंडळी बाहेर गेली की, वहिनींना फोन लावा आणि त्यांना वही घेऊन बसायला सांगा. साखर निघाल्याचं त्यांना सांगितलंत का, ते पत्रात कुठे दिसलं नाही. सांगितलं नसेल तर फोनवर आधी ते सांगा, दोन वर्षांचा विषय त्यानंतर काढा.

तुमची,
ताई